रत्नागिरीत राहून घाटावरच्या 300 ची तयारी: एका ताईंचे रूट कसे ठरले

आमच्या सायकलवाल्या ग्रुपमधल्या एका ताईंचं हे प्रकरण आहे, नाव देत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितोय. रत्नागिरी शहरात राहतात, स्वतःचं मेडिकल दुकान आहे, वय चाळीसच्या अलीकडे. आदल्या सीझनला 200 किलोमीटरची ब्रेव्हे वेळेत केली होती, आता जानेवारीतली 300 करायची होती, आणि ती 300 होती घाटावर, म्हणजे सह्याद्रीच्या वर देशावर, बहुतेक सगळा रस्ता मोठ्या हायवेवरून. तयारी मात्र करायची समुद्राला लागून. हे गणित वाटतं तितकं सरळ नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना ब्रेव्हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ही रेस नाही, नंबर वगैरे काही नसतो, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात संपवायचं. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. यात जेवण, पंक्चर, लघवी, झोप सगळं आलं, घड्याळ थांबत नाही. म्हणजे ढोबळमानाने ताशी 15 ची सरासरी. ऐकायला किरकोळ वाटते, पण पहाटे सहाला निघालात तर 300 ला रात्री दोनपर्यंत वेळ मिळतो, म्हणजे शेवटचे सात-आठ तास अंधारात आणि तेही दमलेल्या अंगाने.

ताईंच्या हातात काय होतं? पाऊस थांबल्यापासून जानेवारीपर्यंतचे रविवार. दुकान रविवारी संध्याकाळी पाचला उघडायचं असतं. भाऊजींची अट अशी की कुठेही अडकलात तर गाडी घेऊन पोचता आलं पाहिजे आणि फोन लागला पाहिजे. सासूबाईंची त्याहून साधी, "उन्हाच्या आत घरी ये गो बाय."

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा प्लॅन तयारच होता. अ‍ॅपने सुचवलेला सगळ्यात पॉप्युलर रूट, रत्नागिरी ते जयगड आणि परत. शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड आणि पुढे जयगड. जाऊन येऊन शंभरच्या आसपास. दर रविवारी हाच रस्ता, दर आठवड्याला दहा किलोमीटर वाढवायचे, जानेवारीपर्यंत पावणेदोनशेवर जायचं. कागदावर एकदम शिस्तशीर दिसत होतं. "दादा, फक्त बघा आणि हो म्हणा," असं म्हणाल्या.

मी हो म्हटलं नाही. रस्ता वाईट आहे म्हणून नव्हे, आरे-वारेचा रस्ता महाराष्ट्रातल्या सगळ्यात देखण्या रस्त्यांपैकी आहे, त्यात वाद नाही. पण त्या रस्त्यावर जो व्यायाम होतो तो या 300 च्या कामाचा नाही, निदान एकट्याने पुरणारा नाही.

आपला किनारा म्हणजे वर जांभ्याचा सडा (उघडं खडकाळ पठार) आणि त्याला जागोजाग चिरत गेलेल्या खाड्या. रस्ता खाडीवर उतरतो, पूल ओलांडतो, लगेच सड्यावर चढतो, वर जरा वारा खातो की पुढची खाडी आलीच. चढ लांब नसतात, एक-दोन किलोमीटर, पण आठ-दहा टक्क्यांचे, एखाद्या वळणात त्याहून जास्त. शंभर किलोमीटरला हजार-बाराशे मीटर चढ इथे काही विशेष न ठरवता होऊन जातो. त्यामुळे किनाऱ्यावरचे शंभर आणि हायवेवरचे शंभर हे एकच समजायचे नाहीत. इथे किलोमीटर मोजण्यापेक्षा वाटेत खाड्या किती ते मोजावं, राइडला किती वेळ लागेल याचा अंदाज त्यावरून जास्त बरोबर येतो.

मग आम्ही ताईंच्या जुन्या जयगड राइडची फाइल उघडून बसलो. वेग आणि हार्ट रेट बाजूला ठेवले, फक्त कॅडन्सचा ग्राफ बघितला, म्हणजे मिनिटाला पायडल किती वेळा फिरतंय. तो ग्राफ मोडक्या कंगव्यासारखा होता. चढावर पंचेचाळीस-पन्नास, कण्हत कण्हत, मग उतारावर सरळ शून्य, परत पंचेचाळीस, परत शून्य. सगळी शून्यं जोडली तर सायकल चालू असलेल्या वेळातला जवळजवळ चौथा भाग पाय फिरतच नव्हते. म्हणजे सहा तासांच्या राइडमध्ये दीड तास पायांना आराम, ढुंगण सीटवरून उचललेलं, हात ब्रेकवर. आणि 300 च्या फाइलमध्ये काय होतं, तर सगळा मिळून दोन हजार मीटरच्या आसपास चढ, तोही तीनशे किलोमीटरवर पसरलेला, म्हणजे लांबच लांब दीड-दोन टक्क्यांचे फसवे चढ जिथे उतार आल्यासारखा वाटतो पण पायडल सोडलं की सायकल थांबते. तिथे तीन-तीन तास अखंड पाय फिरवावे लागतात. ही सवय जयगडला दर रविवारी गेलात तरी लागणार नाही, कितीही किलोमीटर वाढवा.

कॅडन्स पंचेचाळीसवर येण्याचं दुसरं कारण गिअर. मागे 11-28 ची कॅसेट होती (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, सगळ्यात मोठं 28 दातांचं), ती काढून 11-34 बसवली, म्हणजे चढाला हलका गिअर मिळाला, त्यासाठी मागचा डिरेलरही (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागला. गुडघेदुखीची तक्रार अर्धी तिथेच संपली. रूट निवडताना गिअरकडे कोणी बघत नाही, पण गिअर नसेल तर अर्धे रूट आपोआप बाद होतात.

अ‍ॅपवरच्या चढाच्या आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. एकच रूट दोन अ‍ॅपमध्ये टाका, चढ वेगळा येतो, आणि किनाऱ्यावर तर फारच वेगळा. कारण त्यांच्या नकाशातली उंची ठरावीक चौकोनांची असते आणि आपला रस्ता कड्याला चिकटून जातो, चौकोनात निम्मा कडा निम्मा समुद्र, मग ते अ‍ॅप रस्त्याला उगाच वर-खाली नाचवतं. उंच पुलावर खाली पाण्यापर्यंत उतरवून परत वर आणतं, बोगद्याच्या जागी डोंगरावरून नेतं. म्हणून एकाच अ‍ॅपचे आकडे धरायचे आणि त्याच अ‍ॅपमधल्या, आपण चालवलेल्या एखाद्या रूटशी ताडून बघायचे. नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आता वारा. हा मुद्दा घाटावरच्या सायकलवाल्यांना पटकन कळत नाही. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून हळू वाहतात, जवळजवळ जाणवत नाहीत. दहा-अकराच्या सुमाराला जमीन तापली की खारे वारे सुरू होतात, आपल्याकडे ते साधारण वायव्येकडून येतात आणि दुपारी चांगलेच जोर धरतात, सूर्य मावळला की पडतात. याचा सरळ अर्थ, सकाळी उत्तरेला जा, दुपारी दक्षिणेला या. दुपारी उघड्या सड्यावरून उत्तरेकडे तोंड करून सायकल मारणं म्हणजे शिक्षा आहे, वर झाड नाही, खाली काळा जांभा तापलेला आणि समोरून वारा. ताईंचा जयगडचा रूट या हिशोबात बरा बसत होता हे मात्र कबूल. पावस-पूर्णगडची बाजू उलटी बसते, जाताना दक्षिण आणि येताना उत्तर, म्हणून तिकडे गेलात तर अकराच्या आत भाट्ये पुलावर परत यायचं, नाहीतर गोळपच्या सड्यावर वारा खात बसायचं.

दुपारी परत येणाऱ्या आरे-वारे रूटची दुसरी अडचण म्हणजे टुरिस्ट. सीझनच्या रविवारी नऊनंतर तिथे गाड्या रस्त्यातच उभ्या करून फोटो चालू असतात, दरवाजे धाडकन उघडतात, उतारावरून तुम्ही चाळिसाने येताय आणि वळणावर आख्खं कुटुंब सेल्फी काढतंय. त्यात वळणांवर बारीक खडी आणि जांभ्याची लाल माती. ताई तिथे एकदा थोडक्यात वाचल्या होत्या, त्यामुळे हा मुद्दा समजवावा लागला नाही.

मग हायवे बघितला. रत्नागिरीहून सगळ्यात जवळचा मुंबई-गोवा हायवे म्हणजे हातखंबा, तिथून वर निवळी-संगमेश्वर, खाली पाली-लांजा. पण हाच तुकडा वर्षानुवर्षं रखडलेला. त्या सीझनला तर कधी इथे खोदलंय कधी तिथे वळवलंय, कालचा रस्ता आज नाही, डायव्हर्जनच्या खडीवर बारीक टायर आणि मागे ट्रक. रविवारी दुपारनंतर गोव्याकडून मुंबईला परतणारी गर्दी वेगळीच. इथे ट्रेनिंग होत नाही, नुसता जीव मुठीत. भाऊजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथेच, "हा सोडून काय ते ठरवा."

कोल्हापूर रोडने साखरप्यावरून आंबा घाट हा पर्यायही निघाला, लगेच बादही झाला. त्या रस्त्याचंही काम चालू, वर पहाटे गवे रस्त्यात, आणि मुळात 300 मध्ये घाट नव्हताच. घाट चढल्याने बरं वाटतं हे खरं, पण बरं वाटावं म्हणून रविवार खर्च करायला रविवार शिल्लक पाहिजेत ना.

वाट सुटली ती ताईंच्या माहेरामुळे. माहेर राजापूरजवळ. लांज्याच्या पुढे वाकेडपासून खाली हायवे बऱ्याच आधी पूर्ण झालेला, काँक्रीट, चार लेन, बाजूला सायकलपुरती जागा. राजापूर, खारेपाटण, तळेरे, नांदगाव, कणकवली, कुडाळ. चढ-उतार आहेतच, कोकण आहे शेवटी, पण चौपदरी करताना कापून-भरून सौम्य केलेले, चार-पाच टक्क्यांचे लांब चढ, मधे मधे बऱ्यापैकी सपाट. घाटावरच्या हायवेच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे हीच. आणि कोकण रेल्वे जवळपास सोबतच चाललेली, वैभववाडी, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, स्टेशन कधी फार लांब नाही. भाऊजींची अट आपोआप पुरी. शनिवारी रात्री दुकान बंद करून एसटीने किंवा गाडीने माहेरी, रविवारी पहाटे तिथून सुरुवात. राइड घराच्या दारातूनच सुरू झाली पाहिजे असा आपला सगळ्यांचा एक हट्ट असतो, तो सोडला की नकाशा एकदम मोठा होतो.

शेवटी जे ठरलं ते असं. एका रविवारी किनारा, पण छोटा. भाट्ये पूल, झरी विनायक, सड्यावर चढून गोळप, पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी आणि परत, मूड असला तर पुढे कशेळी-आडिवऱ्यापर्यंत. हे पायांच्या ताकदीसाठी, तीन-चार तासांत उरकायचं, नऊ-दहाला घरी, सासूबाईही खूश. पुढच्या रविवारी माहेरचा हायवे, कणकवली जाऊन-येऊन शंभरच्या आसपास, नंतर कुडाळपर्यंत वाढवत दीडशेच्या वर. तिथे एकच नियम, पायडल थांबवायचं नाही, उतारावरसुद्धा हलकं फिरवत राहायचं, आणि पहिले दोन तास उतरायचं नाही. आणि या दोन्हींशिवाय दोन मोठ्या राइड, वेगवेगळ्या कामासाठी.

पहिली मोठी, रत्नागिरी ते चिपळूण, पण किनाऱ्याने. जयगडला फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, तिथून शृंगारतळीवरून चिपळूण. सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास. चिपळूणला भाऊजी गाडी घेऊन, परत सायकलने यायचं नाही, कारण परतीचा तुकडा तोच खोदलेला हायवे. सगळ्यांना लूप पूर्ण करायची हौस असते, मला तर लूप अर्धा सोडायला काही वाटत नाही. सकाळी उत्तरेला जाताना वारा पडलेला, गुहागरहून पूर्वेला वळेपर्यंत खारे वारे चालू झालेले ते पाठीवर, असा हिशोब.

फेरीबोट मुद्दाम घेतली. ब्रेव्हेत कंट्रोल असतात, ठरलेल्या वेळेत तिथे पोचायचं. फेरीबोट हा आपल्याकडचा कंट्रोल, फक्त इथे सही नाही, सुटली की सुटली. वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारायची, कारण समुद्र, भरती-ओहोटी, गर्दी यावर सगळं अवलंबून. ताईंची एक बोट डोळ्यांदेखत गेली. धक्क्यावर मोबाइल बघत चिडत बसण्याऐवजी त्यांनी डबा काढला, दोन घावणे आणि गूळ खाल्ला, बाटल्या भरल्या, एका बाटलीत इलेक्ट्रल टाकलं, टायरमधली हवा बघितली, सनस्क्रीन परत लावलं. सक्तीचा वेळ असा वापरायचा हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, मेडिकलवालीच ती, गल्ल्यावर बसून वेळ वापरायची सवय. 300 मध्ये नंतर कंट्रोलवर त्यांचा वेळ फार कमी गेला, त्याचं श्रेय मी त्या धक्क्याला देतो.

हेदवीच्या बाजूला पंक्चर झालं. सायकलच्या ट्यूबला बारीक, लांब नोझलचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, गाडीच्या पंक्चरवाल्याची हवेची नळी त्याला बसत नाही. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर मिळतो, नखाएवढा, तो पिशवीत होता म्हणून स्कूटरवाल्याच्या कंप्रेसरवर पाच मिनिटांत काम झालं. नाहीतर हातपंपाने त्या उन्हात घाम काढत बसायचं. आणि घाम म्हणजे आपल्याकडचा, दमट हवेत सुकत नाही, नुसता गळतो, जर्सीवर मिठाची पांढरी रेघ उठते. नुसतं पाणी पित राहिलं की पोट डचमळतं, मीठ जायलाच पाहिजे पोटात. कोकम सरबतात मीठ घालून घ्या म्हणावं, टपरीवाले आनंदाने घालतात.

दुसरी मोठी राइड आमच्या सगळ्यांच्या मते या प्लॅनमधली खरी चीज. माहेरून बांदा जाऊन-येऊन, दोनशेच्या थोडं वर, पण सुरुवात पहाटे नाही, शनिवारी भर दुपारी, आईच्या हातचं जेवून. (जेवण जरा बेताने घ्या असं सांगितलेलं, माहेरी ते कोण ऐकतंय.) त्या दिवशी दुकान भाऊजींच्या ओळखीच्या फार्मासिस्टवर सोडलं. दुपारी दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा पाठीवर, बांद्याला पोचून वळेपर्यंत अंधार आणि वारा पडलेला, मग शांत हवेत उत्तरेला परत. आणि मुख्य म्हणजे दमल्यावरचा अंधार. पहाटे चारला उठून ताज्या अंगाने दोन तास अंधारात सायकल चालवणं वेगळं आणि शंभर किलोमीटर झाल्यावर अंधार पडायला लागणं वेगळं. 300 मध्ये यातला दुसरा प्रकार होणार होता.

त्या रात्री दोन गोष्टी कळल्या. एक, काँक्रीट दिवसभर तापलेलं असतं, रात्री गुरं त्यावर ऊब घेत बसतात, काळी म्हैस तर लाइट अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ताईंनी हेडलाइटचा झोत थोडा वर घेतला आणि उतारावर वेग पंचवीसच्या आत ठेवला. दुसरी, नऊनंतर चालू हॉटेलं कमी, जी असतात ती ट्रकवाल्यांची, जेवण उत्तम पण बाईमाणूस एकटी थांबायची म्हणजे विचार करावा लागतो. म्हणून परतीच्या वाटेवर थांबायच्या जागा आधीच ठरवलेल्या, पेट्रोलपंप आणि कुडाळमधलं एक ओळखीचं घर. भाऊजी कणकवलीला गाडी लावून झोपले होते, गरज पडली नाही. रात्री एकच्या सुमाराला ताई माहेरच्या अंगणात.

300 चं काय झालं? वेळेत पूर्ण, अठरा तासांच्या थोडं वर. पायांची काहीच तक्रार नव्हती, गुडघे ठीक, शेवटचे साठ किलोमीटर अंधारात त्या बऱ्याच लोकांना मागे टाकत आल्या. पण तळहात बधिर झाले, करंगळी आणि शेजारचं बोट, ते पुढे आठवडाभर. आमच्या हायवेवरसुद्धा दर थोड्या वेळाने चढ-उतार येतोच, हाताची पकड बदलत राहते, आणि घाटावर तासन् तास हात एकाच जागी. ही उणीव कोकणातला कुठलाही रूट भरून काढू शकेल असं मला वाटत नाही. त्यावर हँडलला जाड बारटेप (गुंडाळायची पट्टी), हँडल दोन स्पेसर (कड्या) वर, आणि दर दहा मिनिटांनी हात हलवायचा म्हणून घड्याळात गजर असा इलाज केलाय. दुसरं म्हणजे थंडी. रात्री उशिरा वर जो गारठा होता त्याची तयारी रत्नागिरीत होणार तरी कशी, इथे जानेवारीतही पंखा चालू असतो. तिथे जॅकेट आणि ग्लोव्हजच कामाला येतात.

आता 400 चं चाललंय, 27 तास, म्हणजे आख्खी रात्र. बांद्याचाच रस्ता गोव्याच्या हद्दीपर्यंत, पत्रादेवीला, न्यायचा आणि सुरुवात संध्याकाळी करायची असा ताईंचा बेत आहे. जयगडची फेरीबोट या वेळी नाही, रात्रीच्या राइडला बोटीच्या वेळांवर अवलंबून राहणं परवडत नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे खाड्यांवरचे पूल पुरे झाले तर किनाऱ्याचा सगळा हिशोब परत नव्याने मांडावा लागेल, पण त्याआधी ताईंची 400 होऊन जाईल असं दिसतंय.